पवनाकाठची विषपरीक्षा

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक उत्कर्षाची कथा सांगणारे लेखक बहुधा आकुर्डीच्या स्कूटरपासून अथवा टेल्कोच्या मालमोटारीपासून आरंभ करतात, आणि ज्या नगरीचा दिवस शिफ्टच्या भोंग्याने उगवतो व भोंग्यानेच मावळतो तिने आपली वंशावळ यंत्रांत शोधावी हे स्वाभाविकच होय. परंतु पुणे-मुंबई रस्त्यालगतच्या या माळरानावर ज्या मोठ्या कारखान्यांनी आरंभी पाय रोवले त्यांतील एक अग्रेसर कारखाना लोखंड कापण्याचा नव्हता, बुरशी पोसण्याचा होता. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा बालनिधी यांच्या साहाय्याने भारत सरकारने पिंपरी येथे पेनिसिलीन निर्माण करण्याचा संकल्प केला; ३० मार्च १९५४ रोजी हिंदुस्तान अँटिबायोटिक्स लिमिटेड ही कंपनी रीतसर नोंदली गेली आणि पुढल्या वर्षी उत्पादनास प्रारंभ झाला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ चे, टेल्कोचा पिंपरीतील संसार त्याहूनही मागाहून मांडलेला. हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या परिसराला लोक आजही नुसते 'एच.ए.' म्हणतात.

या कारखानदारीत आणि यंत्रांच्या कारखानदारीत एक मूलगामी भेद होता. दांड्याचा व्यास मायक्रोमीटरने मोजता येतो आणि तो बिनचूक उतरला की कारागिराची जबाबदारी संपते. पेनिसिलीनची कुपी गुणकारी आहे काय, आणि गुणकारी असूनही निर्धोक आहे काय, हे मात्र कोणत्याही पोलादी मापाला सांगता येत नसे, ते एखाद्या सजीवालाच विचारावे लागे. प्रतिजैविकाचे सामर्थ्य जंतूंनी भरलेल्या आगरच्या थाळीवर मोजले जाई: औषधाभोवती जंतू न वाढलेले निर्मळ वर्तुळ जितके मोठे तितके औषध जोरकस. पुढे सशाच्या कानाच्या शिरेत ते टोचून त्याला ताप चढतो का हे पाहण्यात येई, कारण जंतू मेले तरी त्यांच्या देहाचे अवशेष रुग्णाला हुडहुडी भरवू शकतात; आणि अखेरीस ठराविक वजनाच्या उंदरांना ते टोचून ठरल्या मुदतीत ते जगतात की मरतात याची नोंद होई. १९४० चा औषध कायदा आणि १९५५ साली प्रसिद्ध झालेली पहिली भारतीय औषधसंहिता यांनी या विचारपुशीला सरकारी शिक्का दिला. एच.ए.च्या किण्वनाच्या टाक्यांची छायाचित्रे पुष्कळांनी पाहिली असतील. सशांच्या पिंजऱ्यांची वर्णने कोणी लिहून ठेवली नाहीत, आणि माझ्या मते या पट्ट्याचा एक महत्त्वाचा इतिहास त्या पिंजऱ्यांतून पुढे सरकला आहे. जीवाला विषाविषयी प्रश्न विचारायचा आणि त्याच्या देहाकडून उत्तर घ्यायचे हा तो इतिहास होय. आणि उत्तर मिळण्याची घटिका मृत्यूपासून हळूहळू अलीकडे येत गेली, हे त्याचे सूत्र.

हा विचार आपल्याला परका नाही. राजाच्या अन्नात विष कालवले जाण्याची भीती सदैव बाळगणाऱ्या कौटिल्याने 'अर्थशास्त्रा'त राजवाड्यात पाळावयाच्या पक्ष्यांचा निर्देश केला आहे: विषाच्या सान्निध्यात क्रौंच उन्मत्त होतो, जीवंजीवक मूर्च्छित होतो, कोकिळ मरतो, आणि चकोराच्या डोळ्यांचा रंग पालटतो. या यादीची शास्त्रीय सत्यता तपासण्याचे कारण नाही, तथापि तिच्यामागील बुद्धी विलक्षण सूक्ष्म आहे. कारण कोकिळाचे मरणे आणि चकोराचे डोळे पालटणे या दोन वेगळ्या प्रतीच्या साक्षी आहेत, आणि दुसऱ्या साक्षीत साक्षीदार जिवंत राहतो.

चिंचवडकरांना मात्र पहिल्याच प्रतीची साक्ष अंगवळणी पडली होती. मोरया गोसावींच्या समाधीमुळे आणि देवस्थानाच्या जहागिरीमुळे प्रसिद्धी पावलेले हे गाव चापेकर बंधूंचेही गाव होय, आणि २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग-अधिकारी रँडवर जी गोळी झाडली गेली तिच्या मुळाशी प्लेगच्या बंदोबस्ताचा जुलूम होता, हे सर्वश्रुत आहे. त्या साथीच्या वर्षांत घरात उंदीर पडला की वैद्याची अथवा दाक्तराची वाट न पाहता बिऱ्हाड उचलून रानात झोपड्या घालायच्या, हे शहाणपण खेडोपाडीच्या लोकांनी आपल्या अनुभवातून कमावले. त्याच सुमारास मुंबईत जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली प्लेगची लस प्रथम स्वतःच्याच देहावर टोचून पाहिली. आणि काही वर्षांनी लिस्टन या वैद्यकाधिकाऱ्याने प्लेगग्रस्त घरांत गिनीपिग मोकळे सोडून त्यांच्या अंगावर गोळा होणाऱ्या पिसवांवरून रोगाच्या प्रसाराचा माग काढला. उंदीर मरून सांगत होता, गिनीपिग पिसवा वाहून सांगत होता. माणसाच्या सुरक्षिततेचा हिशेब दुसऱ्या जीवाच्या खात्यावर मांडण्याची ही वहिवाट तेव्हापासून आपल्याकडे प्रयोगशाळेच्या दफ्तरात शिरली.

एच.ए.च्या संशोधन विभागाविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे, कारण पिंपरीचे नाव शास्त्राच्या कोशात त्याने घातले. एम. जे. तिरुमलाचार हे कवकशास्त्रज्ञ तेथे मातीतील सूक्ष्मजीव हुडकीत होते; त्यांतील एका स्ट्रेप्टोमायसीसच्या जातीला 'पिम्प्रिना' असे नामाभिधान प्राप्त झाले, आणि तिच्यापासून १९६१ च्या सुमारास हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध हाती आले. कारखान्याच्या नावाची आद्याक्षरे औषधात आणि गावाचे नाव जंतूत, असा दुहेरी मान या पट्ट्यात ना स्कूटरला मिळाला ना मालमोटारीला. या जातीच्या औषधांची अडचण अशी की बुरशीच्या पेशीचे आवरण आणि माणसाच्या पेशीचे आवरण यांच्या घडणीत अंतर अल्प असते, त्यामुळे जे एकाला मारते ते दुसऱ्यालाही काही प्रमाणात दुखवते. औषध आणि विष यांच्यामधील सीमा मात्रेवर ठरते. ही सीमा आखण्याची रीत ट्रेव्हन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२७ साली घालून दिली होती: ज्या मात्रेने निम्मे प्राणी मरतात ती मात्रा हे विषाचे माप. पुढे अर्धशतकभर जगातील विषशास्त्राने या एका आकड्याची उपासना केली. निम्मे मेले हे कळे. उरलेल्या निम्म्यांच्या देहात काय घडले, हे विचारण्याची सोयच त्या आकड्यात नव्हती.

दरम्यान माळरानाचे नगर होऊ लागले होते. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली, १९८२ साली तिची महानगरपालिका झाली. आणि मोठ्या कारखान्यांच्या सावलीत भोसरीच्या गल्ल्यांतून जॉबवर्क करणारी असंख्य वर्कशॉपे उभी राहिली, त्यांत जस्त, निकेल, क्रोमचे प्लेटिंग करणारी दुकानेही होती. फिरंगोजी नरसाळ्याने १६६० साली शायिस्ताखानाच्या फौजेशी ज्या संग्रामदुर्गावरून झुंज घेतली ते चाकण त्यानंतर दीर्घकाळ कांद्याच्या बाजारपेठेचे गाव म्हणून ओळखले जात होते. १९९९ मध्ये बजाजचा आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना तेथे सुरू झाला, आणि कांद्याच्या गोण्यांच्या वाटेवर मोटारींचे कंटेनर धावू लागले. या साऱ्या विस्ताराच्या एका अंगाला पवना वाहते आणि दुसऱ्या अंगाला इंद्रायणी.

या नद्यांच्या माशांची पहिली शास्त्रीय नोंद कंपनी सरकारच्या अमदानीतली आहे. मुंबई सरकारच्या सेवेत आकडेवारी गोळा करणारे कर्नल साइक्स यांनी १८३९ च्या सुमारास दख्खनच्या माशांवर निबंध लिहिला, आणि नावे देताना कोळ्यांच्या तोंडचे शब्द लॅटिन वेषात उभे केले. खुद्री, कोळस, मसुळा हे आज जगभरच्या मत्स्यसूचींत बसलेले शब्द अशा रीतीने पुण्याच्या पाण्यातून गेले, आणि खुद्री नावाच्या महाशीराचा मूळ नमुना तर पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेतच सापडलेला. देहूच्या डोहातील मासे देवाचे म्हणून न पकडण्याचा पायंडा जुना आहे. कारखानदारीच्या युगात मासे साक्षीदार झाले. महाराष्ट्राने १९६९ साली जलप्रदूषण रोखण्याचा आपला स्वतंत्र कायदा केला, १९७० साली प्रदूषण नियंत्रण मंडळ नेमले, केंद्राचा कायदा १९७४ मध्ये आला. आणि १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांत सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांत एक कलम घालण्यात आले की कारखान्याच्या निव्वळ सांडपाण्यात ९६ तास ठेवलेल्या माशांपैकी ९० टक्के जगले पाहिजेत. या परीक्षेसाठी जगभर वापरला जाणारा पट्ट्यापट्ट्यांचा लहानगा झेब्रामासा मूळचा भारतीय उपखंडातलाच. हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या माशांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले होते. आपल्या ओढ्यातला मासा ओरेगॉनच्या प्रयोगशाळेत जाऊन प्रतिष्ठित झाला आणि मग शास्त्राची सनद घेऊन परत आला, ही गोष्ट आपल्या विद्यापीठांच्या एकूण रीतीस शोभण्यासारखी आहे.

चार दिवसांच्या या परीक्षेचा गुण असा की ती कोणाही न्यायाधीशाला समजते. मासा एक तर पोहतो, नाही तर उलटा होऊन तरंगतो. परंतु ज्या विषाची गती चार दिवसांहून मंद, जे मारीत नाही पण प्रजा खुंटवते, ते या परीक्षेतून निर्दोष सुटते.

अशाच जातीचे एक द्रव्य गेल्या दोन-तीन दशकांत या पट्ट्यात सर्वत्र पसरले आहे. एक ते शंभर नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे सहस्रांश वा त्याहूनही बारीक, अशा कणांना नॅनोकण म्हणतात. टायरच्या काजळीत, रंगांच्या आणि लेपांच्या घटकांत, वेल्डिंगच्या धुरात आणि इंजिनाच्या उत्सर्जनात ते आढळतात. द्रव्य तेच, पण कण जितका लहान तितका त्याचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठा, आणि रासायनिक व्यवहार पृष्ठभागावर घडत असल्यामुळे ढेकळाच्या रूपात निरुपद्रवी असलेला पदार्थ कणरूपात तिखट होऊ शकतो. आपल्या रसशास्त्रकारांना सूक्ष्मतेचे हे महत्त्व वेगळ्या अंगाने उमगले होते. भस्म बोटाच्या रेषांत शिरले पाहिजे, स्थिर पाण्यावर तरंगले पाहिजे, आणि पुन्हा धातुरूप धारण करता कामा नये, अशा परीक्षा त्यांनी सांगितल्या आहेत, व पुण्याच्या औषधी दुकानांत आजही भस्मे विकली जातात. मात्र या परीक्षा भस्म सिद्ध झाले की नाही हे सांगणाऱ्या आहेत. देहात गेल्यावर ते कोणत्या पेशीला काय करते, हा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेरचा. आधुनिक यंत्रविद्येची गतीही याहून फार निराळी नाही. पुण्याच्या वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेल्या आणि पुढे चाकणपर्यंत विस्तारलेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनच्या प्रयोगशाळांत भारत स्टेज सहाच्या नियमानुसार डिझेल मोटारीच्या धुरातील कणांचे वजनच नव्हे तर त्यांची संख्याही मोजली जाते, आणि किलोमीटरमागे साठ हजार कोटी कण ही तिची मर्यादा आहे. हा आकडा वाचून वाचकाने दचकू नये. निदान मोजणी तरी सुरू झाली आहे. परंतु कणांची शिरगणती म्हणजे कणांच्या वर्तनाची चौकशी नव्हे.

ती चौकशी पुण्यातल्याच एका जुन्या संस्थेत, आणि तिच्या सहवासातल्या इतर संस्थांत, चालू झाली. शंकर पुरुषोत्तम आघारकर या मालवणच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९४६ साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन केली, तिलाच १९९२ पासून आघारकर संशोधन संस्था म्हणतात. तरुणपणी, १९११ च्या सुमारास, सह्याद्रीच्या नद्यांत हिंडताना आघारकरांना गोड्या पाण्यातील एक जेलीमासा सापडला होता. त्या वंशातील प्राणी तोवर आफ्रिकेतच ज्ञात असल्यामुळे त्या शोधाची दखल विलायतेतही घेतली गेली. या जेलीमाशाचा दूरचा भाऊबंद म्हणजे हायड्रा, आणि योगायोग असा की संस्थापकाच्या पश्चात त्यांच्या संस्थेत सुरेंद्र घासकडबी यांनी हाच जीव वर्षानुवर्षे सांभाळला. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये पुण्यातील सामान्य हायड्राचे वर्णन व वंशनिर्णय प्रसिद्ध केला, तेव्हा तो 'हायड्रा व्हल्गारिस इंड-पुणे' या नावाने शास्त्रात दाखल झाला. याच संस्थेत किशोर पाकणीकर आणि त्यांचे सहकारी जखमांवर लावण्याच्या मलमासाठी चांदीच्या नॅनोकणांवर काम करीत होते, आणि विकण्यापूर्वी विचारावे या विवेकाने, संवर्धनातील पेशींवर त्या कणांचा परिणाम काय होतो, हे त्यांनी २००८ पासून प्रसिद्ध केले.

हायड्रा हा प्राणी दिसायला अत्यंत क्षुद्र, अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरची नळी आणि टोकाला काही स्पर्शक, बस्स. परंतु त्याचे दोन तुकडे करावेत तर दोन हायड्रा होतात, हे त्रेम्बले या निसर्गशास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या मध्यास दाखवले तेव्हा तत्त्वज्ञांनाही आत्म्याच्या विभाजनाची चिंता पडली होती. विषपरीक्षेच्या दृष्टीने त्याचे मोल असे की त्याच्या देहाच्या दोन पातळ स्तरांमुळे जवळपास प्रत्येक पेशी पाण्याच्या निकट असते, आणि पाणी बिघडले की तो क्रमाक्रमाने बदलतो: प्रथम स्पर्शकांची टोके फुगतात, मग ते आखडतात, देह कळीसारखा आक्रसतो, आणि शेवटी विरघळून जातो. मृत्यूपूर्वीच्या या पायऱ्यांना गुण देण्याची पद्धत ठरली आहे; कौटिल्याच्या चकोराला जे मोल होते तेच येथे या जीवाला आहे.

परंतु देहाचा आकार पालटण्यापूर्वीही काही घडलेले असते, आणि त्याची वार्ता जनुकांकडून येते. पेशीला धातूचा उपद्रव होऊ लागला की ती त्या प्रसंगासाठी लागणारी प्रथिने बनवण्याचे फर्मान काढते: कोणी धातूला बांधून ठेवणारे, कोणी ऑक्सिजनचे दाहक रूप शमवणारे, कोणी मोडलेल्या प्रथिनांना सावरणारे, आणि नाइलाज झालाच तर पेशीला शिस्तीने मरू देणारे. उष्णतेने माशीच्या गुणसूत्रांवर फुगवटे उठतात हे रितोसा या शास्त्रज्ञाने १९६२ साली पाहिले, तेव्हा या फर्मानांची पहिली चाहूल लागली. ती फर्माने रिबोन्यूक्लिक आम्लाच्या फितींवर असतात. फिती पेशीतून काढून, त्यांचे डीएनएमध्ये रूपांतर करून, त्या डीएनएची प्रत प्रत्येक फेरीत दुप्पट करत नेली, आणि कितव्या फेरीत तिची चमक ठरल्या रेषेला पोचते हे पाहिले, की मूळ फिती किती होत्या ते कळते. एका फेरीचा फरक म्हणजे दुपटीचा फरक. १९९० च्या दशकात ही रीत रूढ झाली. १९९५ पासून एकाच काचपट्टीवर शेकडो जनुकांची हजेरी घेता येऊ लागली. २००८ च्या सुमारास सर्वच फितींचे वाचन करण्याची पद्धत आली. आणि २०१० मध्ये हायड्राचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाल्यावर त्या क्षुद्र नळीला कोणता प्रश्न विचारायचा याची यादीच हाती आली.

२०१६ साली तिरुचिरापल्लीच्या भारतीदासन विद्यापीठातील संशोधकांनी घासकडबींच्या सहकार्याने हायड्रावर तांब्याच्या ऑक्साइडच्या नॅनोदंडांचा परिणाम अभ्यासला. त्यासाठी वापरलेला वाण जपानमधून आलेला, पुण्याचा नव्हे. परंतु पद्धत सर्वत्र तीच. मात्रा आणि काळ यांच्या प्रमाणात देह विकृत होत गेला, खाणे मंदावले, पिल्ले फुटण्याचा वेग घटला, तोडलेला भाग भरून येईना; आणि पेशींच्या आत ऑक्सिजनजन्य दाह, डीएनएची हानी व पेशीमृत्यूची यंत्रणा जागृत झाल्याची चिन्हे रेणूंच्या स्तरावर आढळली. तांबे हा या पट्ट्यातील वर्कशॉपांचा नित्य धातू असल्यामुळे ही साक्ष पवनेच्या काठी राहणाऱ्याने दूरच्या गावची म्हणून बाजूला ठेवण्यासारखी नाही.

दुपटीच्या फेऱ्या मोजण्याची ही विद्या भोसरीला तशी नवी नव्हती. तेथे १९९२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत रक्तातील विषाणूंची मोजणी याच तत्त्वाने होत असे, आणि २०२० च्या महामारीत तर 'सीटी व्हॅल्यू किती?', म्हणजे चमक कितव्या फेरीत आली, हा प्रश्न चिखलीच्या चाळीतही ऐकू येऊ लागला. आपला रिपोर्ट पंचवीसचा आहे की तीसचा यावर चर्चा करणाऱ्या नागरिकांना त्या आकड्याचा अर्थ किती कळत होता हे सोडून द्यावे. पण वाढता आकडा म्हणजे उतरता विषाणू, एवढी उलटी भाषा सामान्य माणसाने आत्मसात केली, हे या विद्येच्या इतिहासातले एक लक्षणीय पर्व होय.

जनुकाच्या साक्षीत दोष नाहीत असे नव्हे, आणि तिच्या भक्तांनी ते लपवणे बरे नाही. फर्मान निघाले म्हणजे अपाय झालाच असे ठरत नाही. कित्येकदा पेशी बचाव करून पूर्ववत होते, आणि बचावाची तयारी हाच अपाय मानला तर उन्हात बसणेही गुन्हा ठरेल. तुलनेसाठी जे जनुक स्थिर म्हणून धरले जाते तेच धातूने डळमळले तर सगळा हिशेब चुकतो. कण पाण्यात गुठळ्या करतात, काही विरघळून आयन होतात, आणि हायड्राला दुखवले ते कणाने की त्यातून सुटलेल्या तांब्याने, हे वेगळे करणे अनुभवी हातांनाही जड जाते. नियम करणाऱ्यांनी या साक्षीला अद्याप पूर्ण मान दिला नाही, त्यात काही आळस असेल, पण काही शहाणपणही आहे. औषधांच्या क्षेत्रात तरी २०१९ मध्ये जैवतंत्रज्ञान विभागाने नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. सांडपाण्याच्या मानकांत मात्र नॅनोकणांसाठी निराळा रकाना नाही: तांब्याची मर्यादा लिटरला ३ मिलिग्रॅम, निकेलची ३, षट्संयुजी क्रोमियमची ०.१, आणि ९६ तासांचा मासा. एकूण धातू मोजण्यासाठी नमुना आम्लात शिजवावा लागतो, आणि त्या आम्लात कण, आयन, गुठळी हे सारे भेद विरघळून एकच आकडा उरतो. तो ३ च्या आत असला, मासेही तरंगले नाहीत, की फाइल पुढल्या टेबलाकडे रवाना होते.